गाडीचं पुस्तक



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी भूगोल शिकवायला लागले. सर जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगायच्या आधी रेल्वेचं वेळापत्रक काढायचे. "नगर सोडलं, आता पुढं?" असं विचारायचे, आणि मुलं एका सुरात म्हणायची: विळद, वांबोरी, राहुरी, टाकळीमिया, पढेगाव, बेलापूर, चितळी, पुणतांबा, कान्हेगाव, कोपरगाव. हे म्हणून झालं की मगच नकाशा उघडायचा. तोवर मुलांच्या डोळ्यांपुढे तो आधीच उभा राहिलेला असे. छापील कागदाच्या चार ओळी नीट वाचल्या तर त्यातून मुलूख दिसतो, ही सरांची शिकवण. आज मी जे बोलणार आहे ते सगळं तिथूनच आलेलं आहे.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, खेळण्यातल्या आगगाड्यांचे जुने कॅटलॉग. फोनवर क्षणभर शांतता झाली. मग त्यांनी विचारलं, "बाई, गाड्या की कॅटलॉग?" मी म्हटलं, कॅटलॉग. गाडी माझ्याकडे एकही नाही. चाळीस वर्षं मी कागद जमवते आहे. कंपन्यांची सूचीपत्रकं, दरपत्रकं, डब्याबरोबर येणारी घडीची माहितीपत्रकं, दुकानदारांनी गिऱ्हाइकांना वाटलेले एकपानी कागद. विकण्यासाठी छापलेला, फुकट किंवा चार पैशांना वाटलेला, आणि माल विकला की फेकून द्यायचा कागद.

तो का जमवायचा? नगरसारख्या जिल्ह्यात बसून, जिथं अशा गाड्यांचं दुकान कधी नव्हतं, तिथं हे कागद जमवण्यात कसला अर्थ आहे? या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मी आज उभी आहे.

आधी घरातली गोष्ट सांगते. माझे वडील दौंड-मनमाड मार्गावर बुकिंग क्लार्क होते. आम्ही स्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मालगाडी गेली की फडताळातली भांडी वाजायची. मामा मुंबईला, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. १९५९ सालच्या दिवाळीला मामा आला. दर खेपेला तो भावाला म्हणायचा, पुढच्या वेळी तुला रुळांवरची खरी विजेची गाडी आणतो. त्या खेपेला त्यानं पिशवीतून एक रंगीत, गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली. हॉर्नबी-डब्लो या विजेच्या खेळण्यातल्या गाड्यांचा कॅटलॉग. भावाच्या हातात देत म्हणाला, "गाडी नाही आणता आली रे. तिचं पुस्तक आणलंय."

हे वाक्य मी आयुष्यभर सांभाळलं आहे. गाडीचं पुस्तक.

वडिलांनी त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं. भाऊ सात वर्षांचा, मी नऊची. त्या वर्षी कंपनी तीन रुळांची पद्धत सोडून दोन रुळांकडे वळत होती, म्हणून कॅटलॉगमध्ये दोन्ही तऱ्हेचे रूळ होते. आम्हाला हे कुठं माहीत! आम्ही वडिलांना विचारलं, तीन रूळ कशाला? त्यांनी बाहेर नेऊन खरे रूळ दाखवले आणि म्हणाले, मधला विजेचा असणार, आपल्याकडे वाफ आहे म्हणून लागत नाही. पुस्तिकेत रूळ कसे मांडायचे याच्या आकृत्या होत्या. अंडाकृती, आठाच्या आकाराची, बाजूला सायडिंग असलेली. आम्ही त्या आकृत्या स्वयंपाकघराच्या शहाबादी फरशीवर खडूनं काढायचो. आई रोज पुसायची, आम्ही रोज काढायचो. काडेपेटी हा डबा, औषधाची बाटली हे इंजिन. आणि गंमत अशी, की खिडकीबाहेर पन्नास पावलांवर खरी आगगाडी उभी असायची. तिच्याकडे आमचं लक्षही नसायचं.

मुलांना खरी गाडी दिसत असताना कागदावरची का हवी असते? मी शिक्षिका म्हणून यावर पुष्कळ विचार केला. खरी गाडी वडिलांच्या साहेबांची होती, तिच्यावर आमची काडीची सत्ता नव्हती. कागदावरच्या गाडीचे स्टेशनमास्तर आम्ही होतो. सांधा आम्ही बदलायचो, सिग्नल आम्ही पाडायचो.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खुपली होती. त्या काळच्या अशा कागदांवर माणसं दिसतात ती म्हणजे मुलगा आणि त्याचा बाप. मुलगा रुळांवर वाकलेला, बाप पाईप ओढत कौतुकानं बघतोय. मुलगी असलीच तर मागं, उभी. पुढं कळलं, की अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीनं १९५७ साली मुलींसाठी म्हणून खास गाडी काढली होती. गुलाबी इंजिन, फिक्या निळ्या-पिवळ्या रंगांचे डबे. ती खपली नाही. मुलींना गुलाबी इंजिन नकोच होतं. त्यांना खऱ्यासारखं काळं इंजिन हवं होतं. हे मी खात्रीनं सांगते, कारण मी त्या वयाची होते आणि मला काळंच हवं होतं.

आता जरा मागं जाऊ.

जर्मनीतल्या गोपिंगेन गावात १८५९ साली थिओडोर मेर्कलिन नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिरानं एक छोटा कारखाना काढला. तिथं काय बनायचं? भातुकलीची भांडी! बाहुलीच्या स्वयंपाकघराची पत्र्याची चूल, पातेली, डबे. १८६६ साली तो वारला. कारखाना बंदच पडायचा, पण त्याची बायको कॅरोलिन मालाचे नमुने घेऊन स्वतः गावोगाव विकायला निघाली. त्या काळी बाईमाणसानं फिरतीवर जाऊन धंदा करणं तिकडंही सोपं नव्हतं. तिनं कारखाना तगवला, पुढं मुलांच्या हाती दिला, आणि त्या मुलांनी १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली. रुळांसकट, आठाच्या आकाराच्या मार्गावर फिरणारी. जगभरच्या घरांत जी आगगाडी शिरली तिच्या मुळाशी भातुकली आहे आणि एका विधवेची पायपीट आहे. कॅटलॉगच्या चित्रांत मुलगी मागं उभी असली, तरी कारखान्याच्या इतिहासात बाई पुढं उभी आहे.

त्या १८९१ च्या गाडीत नवं काय होतं? चावीचं इंजिन पूर्वीही मिळत होतं. नवं हे, की रुळांची रुंदी ठरवून दिली, तिला क्रमांक दिले, आणि रूळ सुटे विकायला ठेवले. आज इंजिन आणि चार रूळ घ्या. पुढच्या नाताळाला एक डबा घ्या. त्याच्या पुढच्या वर्षी सांधा घ्या, बोगदा घ्या, स्टेशन घ्या. सगळं एकमेकांत बसेल. खेळणं वाढतं झालं. आणि खेळणं वाढतं झालं त्या दिवशी कॅटलॉगची गरज निर्माण झाली. बाहुली विकायला यादी लागत नाही, बाहुली घेतली की घेतली. वाढत्या गाडीला यादी लागते. पुढं काय घेता येईल हे मुलाला सतत दिसत राहायला हवं. म्हणून या धंद्यात कॅटलॉगवर जितकी कला आणि जितका पैसा ओतला गेला, तितका दुसऱ्या फार थोड्या खेळण्यांवर ओतला गेला असेल. हॉर्नबीचं 'बुक ऑफ ट्रेन्स' १९२५ पासून वर्षाला एक निघायचं. त्यात आधी खऱ्या रेल्वेवरचे लेख, इंजिन कसं चालतं, सिग्नल कसे असतात, आणि मागच्या भागात विक्रीचा माल. मुलगा ज्ञानासाठी वाचायला बसायचा आणि शेवटच्या पानांपर्यंत पोचेस्तोवर त्याला काय हवं ते ठरलेलं असायचं.

आता माझ्या नगरचा धागा. तो मला सापडला तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडमधल्या मुलांच्या आगगाड्या बहुतेक जर्मनीत बनत. नॉर्दॅम्प्टनची बॅसेट-लोक ही नामांकित कंपनी १८९९ साली सुरू झाली. टपालानं माल विकायची तिची पद्धत. पण तिच्या कॅटलॉगमधल्या कितीतरी गाड्या न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंच्या कारखान्यात तयार व्हायच्या आणि त्यांच्यावर इंग्रजी रेल्वेचे रंग चढवलेले असायचे. १९१४ साली युद्ध पेटलं. जर्मन माल बंद झाला. त्याच युद्धात हिंदुस्थानात राहणारे जर्मन पकडून कुठं ठेवले होते? आपल्या नगरला! इथल्या छावणीत शेकडो जर्मन व्यापारी, कारकून, इंजिनिअर, मिशनरी तारांच्या कुंपणाआड होते. म्हणजे एकाच युद्धानं जर्मन माणसं नगरमध्ये कोंडली आणि जर्मन खेळणी बाजारातून काढली. मोकळ्या झालेल्या बाजारात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १९२० साली आपली चावीची गाडी उतरवली. मेकॅनो हे नट-बोल्टांनी जोडायचं खेळणं काढणारा हॉर्नबी तो हाच, म्हणून ती पहिली गाडीही नट-बोल्ट काढून खोलता यायची. मामानं १९५९ साली आणलेल्या पुस्तिकेची सुरुवात अशी त्या युद्धात आहे, ज्या युद्धाचा तुरुंग आमच्या गावात होता.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १९३९ साली पकडलेल्यांत हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहकही होता. पुढं तो डेहराडूनच्या छावणीतून पळून तिबेटला पोचला, हे पुष्कळांना माहीत आहे. पण त्याची कैद सुरू झाली ती नगरच्या छावणीत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि तिकडे इंग्लंडात पत्र्याच्या खेळण्यांचे कारखाने युद्धसाहित्य बनवू लागले. त्या वर्षांचे कागद हातात घेतले तर कळतं. कागद पातळ, रंग गेलेले, पानं कमी. मग एकदम काहीच नाही. युद्ध कसं होतं हे मला त्या रिकाम्या वर्षांनी जितकं सांगितलं, तितकं पाठ्यपुस्तकानं सांगितलं नव्हतं.

मंडळी, आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येते. जरा लक्ष देऊन ऐका.

माझ्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा कागद मला नगरमध्येच एका रद्दीच्या दुकानात मिळाला. एका जुन्या वाड्यातून निघालेली रद्दी होती. जमाखर्चाच्या वह्या, पंचांगं, आणि त्यांच्यामध्ये बॅसेट-लोकचा एक कॅटलॉग. पाठीमागचं पान गेलेलं, पिनांना गंज चढून त्याचे तांबूस डाग कागदावर उतरलेले. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय, "इंग्रजी ३ री". नाव नाही. आणि पान अकरावर एका गाडीच्या चित्रापुढं बरोबरची खूण आहे. गाडीची किंमत सत्तावीस शिलिंग सहा पेन्स. समासात बाळबोध आकड्यांत गणित मांडलंय. वर १३-५-४. खाली १८-५-४. आणि त्याच्याखाली, "टपालखर्च ?"

हे आकडे काय आहेत ते मला लगेच उमगलं नाही. दोन दिवसांनी उमगलं. १९२७ पासून रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता. त्या हिशेबानं एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. आणि सत्तावीस शिलिंग सहा पेन्स म्हणजे बरोबर १८ रुपये ५ आणे ४ पै. पोरानं त्रैराशिक अचूक सोडवलं होतं! इंग्रजी तिसरीतला, म्हणजे आताच्या सातवीतला मुलगा. नगरच्या एखाद्या वाड्यात बसून त्यानं नॉर्दॅम्प्टनच्या गाडीची किंमत रुपये-आणे-पैमध्ये काढली. आणि मग तो टपालखर्चापाशी अडला. तिथं त्यानं प्रश्नचिन्ह घातलं.

त्याला गाडी मिळाली का?

मी तुम्हाला सांगते, नाही मिळाली. कशावरून सांगते? आतमध्ये मागणीपत्राचं पान आहे, जे कापून भरून पाठवायचं असतं. ते जसंच्या तसं आहे. त्याला कात्री लागलेली नाही. आणि दुसरं, त्यानं कॅटलॉग ठेवला. इतकी वर्षं जमाखर्चाच्या वह्यांबरोबर ठेवला.

चाळीस वर्षं कागद हाताळून मी या मताला आले आहे. ज्यांच्या घरी गाडी आली त्यांनी कॅटलॉग फेकून दिला. गाडी आल्यावर चित्राचं काय काम? ज्यांच्या घरी गाडी आली नाही, त्यांनी कॅटलॉग जपला. त्यामुळे आज हे जे कागद उरले आहेत, निदान आपल्या मुलखात उरले आहेत, ते न मिळालेल्यांचे आहेत. संग्रहालयात आपण काय बघतो? राजाची तलवार, सरदाराची पालखी, श्रीमंताची हंडी-झुंबरं. ज्यांच्याकडे होतं त्यांचं. ज्यांना हवं होतं आणि मिळालं नाही, त्यांच्या इच्छेचा पुरावा कुठल्या काचेच्या कपाटात आहे? तो या कागदांत आहे. समासातल्या पेन्सिलीच्या खुणांत आहे.

१९५७ नंतर तर परकीय चलनाची टंचाई अशी झाली, की बाहेरच्या खेळण्याला परवाना मिळणं दुरापास्त झालं. पैसे असलेल्या घरातसुद्धा गाडी येईना. मामा परळला राहून गाडी का आणू शकला नाही, याचं अर्धं उत्तर त्याच्या पगारात आहे आणि अर्धं त्या आयात धोरणात. कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात मामाला दोष देत होते. मढीच्या यात्रेतून तो पत्र्याची दोरीनं ओढायची गाडी आणायचा, तेव्हा आम्ही तोंड फिरवायचो. आज तो नाही. ते मला फार लागतं.

म्हणून संग्रह करणाऱ्यांना मी एकच गोष्ट विनवून सांगते. पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. बाजारात कोऱ्या करकरीत कॅटलॉगला जास्त भाव आहे, हे मला माहीत आहे. कोणी मुलानं रंगवलेला, आकडे लिहिलेला, दुकानदाराचा शिक्का मारलेला कागद डागाळलेला समजला जातो आणि त्याचा भाव पडतो. माझा हिशेब उलटा आहे. त्या खुणांवरून काळ ठरतो. आणे-पै दिसले की कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधी वापरात होता हे समजतं, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीच्या कागदांवर तळाला अगदी बारीक आकडे असतात, त्यांत छपाईचा महिना आणि साल दडलेलं असतं. हे आकडे कागद कधी छापला ते सांगतात. पेन्सिल सांगते तो कधी जगला.

या सगळ्यात एक माणूस असा झाला की जो कागदावर थांबला नाही. पुण्याचे भाऊसाहेब जोशी. कोथरूडमध्ये आपल्या कारखान्याच्या वास्तूत त्यांनी १ एप्रिल १९९८ रोजी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी नातवंडांना घेऊन जरूर जावं. एक अख्खं शहर मांडलेलं आहे. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापाच्या गाड्या एकमेकींना चुकवत जातात, सिग्नल पडतात, फाटक लागतं, रात्र होते आणि दिवे लागतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवे लागले त्या क्षणी माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ डोळे पुसत होते. मी त्यांना काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आमच्या पिढीत प्रत्येकाचं एक पान अकरा आहे.

भाऊसाहेबांचं मोठेपण असं, की हौस त्यांनी घराच्या खोलीत बंद ठेवली नाही, तिकीट काढून येणाऱ्या कोणत्याही मुलाला ती बघता येते. आपल्या महाराष्ट्रात या छंदाचा दरवाजा सर्वांसाठी उघडणारं असं दुसरं ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं लिव्हरपूल, न्यूरेंबर्ग, पुणे झालं. आपल्या जिल्ह्याचं काय?

आपल्या जिल्ह्याचं फार आहे. खेळण्यातल्या गाड्याच कॅटलॉगमधून विकल्या जात असं समजू नका. खऱ्या गाड्याही तशाच विकल्या जात. फ्रान्समध्ये देकोव्हिल नावाच्या शेतकरी-कारखानदारानं १८७५ च्या सुमारास शेतातून बीट वाहायला उचलून नेता येतील असे हलके रूळ काढले. पोलादी पट्ट्या आधीच जोडलेल्या, दोन माणसांनी उचलायच्या आणि पुढच्या वाफ्यात टाकायच्या. म्हणजे खेळण्यातल्या रुळांसारखेच! बर्लिनच्या ऑरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीनं हा धंदा जगभर नेला. तिचे कॅटलॉग बघा: इंजिनं, डबे, सांधे, फिरती तबकं, सगळं चित्रासकट, क्रमांकासकट. मळेवाल्यानं पानं उलटायची, खूण करायची, मागणी पाठवायची. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीची पहिली इंजिनं याच कंपनीची.

आणि आपल्याकडे? प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर ऊस आला, खासगी कारखाने आले. हरेगावला बेलापूर कंपनीच्या मळ्यांतून अरुंद रुळांवर उसाच्या गाड्या धावायच्या. त्या भागातले म्हातारे अजून सांगतात, गाडी इतकी सावकाश जायची की पोरं मागून पळत जाऊन ऊस उपसायची. रूळ उखडले गेले, इंजिनं भंगारात गेली. ऊस ट्रॅक्टरनं आणि बैलगाडीनं जाऊ लागला. पण ते रूळ, ते डबे, ती इंजिनं कोणीतरी कागदावर बघूनच मागवली असतील ना? कारखान्याच्या कुठल्या तरी इंजिनिअरच्या टेबलावर तो कॅटलॉग असेल. त्याच्या समासातही शिलिंगांचे रुपये केलेले असतील. पान अकरा त्यालाही असेल. फरक इतकाच, की त्याचं मागणीपत्र कापून पाठवलं गेलं.

हे कागद कुठं आहेत? माझ्याकडे एकही नाही. हे मी आज मुद्दाम या सभागृहात सांगते आहे, कारण इथं श्रीरामपूर, राहाता, कोपरगावकडची मंडळी बसलेली मला दिसतात. तुमच्या घरात कोणी कारखान्यात फिटर असेल, ड्रायव्हर असेल, स्टोअरकीपर असेल. माळ्यावरची ट्रंक उघडा. सुट्या भागांची यादी, कंपनीचं माहितीपत्रक, इंजिनाचं चित्र असलेलं कॅलेंडर, काहीही. मला द्या असं मी म्हणत नाही. आपल्या शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, तिथं दाखवा. द्यायचं नसेल तर स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि कागद पुन्हा ट्रंकेत ठेवा.

फक्त ट्रंकेत ठेवताना थोडी काळजी घ्या. कॅटलॉगचा गुळगुळीत कागद ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि मग ती सुटत नाहीत. पावसाळ्यात कपाट भिंतीला लावून ठेवू नका. लोखंडी पिना हळूच काढून टाका, पुस्तिका सुती दोऱ्यानं शिवा. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, ती पाच-दहा वर्षांत पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. कसरीसाठी वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून ठेवा, आमच्या आजीच्या पोथ्या त्यानंच टिकल्या. पानांना थेट टेकू देऊ नका म्हणजे झालं. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास, हवा कोरडी झाली की प्रत्येक पान उलटून बघा. कागदाला माणसाचा हात लागत राहावा लागतो.

भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. तो इंजिनिअर झाला, परदेशी राहिला, आणि साठीनंतर त्यानं लिलावात एक हॉर्नबी-डब्लोची गाडी घेतली. इंजिन, तीन डबे, रुळांचा लंबगोल. मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. गाडी दोन फेऱ्या फिरली. मग त्यानं ती थांबवली आणि विचारलं, "ताई, ते पुस्तक आहे ना अजून? पान काढ बघू, डबे कुठल्या क्रमानं होते ते." मी पान काढून कॅमेऱ्यापुढं धरलं. त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि मधला डबा काढून मागं लावला.

ते पुस्तक मी आज आणलं आहे, खाकी कव्हरासकट. आणि नगरच्या वाड्यातला तो बॅसेट-लोकही आणला आहे. दोन्ही बाहेरच्या टेबलावर आहेत. बघताना हात कोरडे ठेवा, चहाचा कप लांब ठेवा. कोणाला त्या वाड्यातला, इंग्रजी तिसरीतला मुलगा ओळखता आला, कोणाच्या आजोबांचं अक्षर वाटलं, तर मला येऊन सांगा. मी शेवटचा माणूस जाईपर्यंत टेबलापाशी उभी आहे. पान अकरा उघडून ठेवलं आहे.